कॉर्नवॉलिसची फजिती आणि नायट्रिक आम्ल

श्रीरंगपट्टणाच्या तटावर उभा राहून टिपू सुलतान खाली पळत सुटलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसवर, म्हणजे इंग्रजांच्या गव्हर्नर-जनरलवर, लघवी करतोय! इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं हे चित्र डिसेंबर 1791 मध्ये लंडनमध्ये हॅना हम्फ्री यांनी प्रकाशित केलं. नाव ‘मान्सूनचं आगमन’. असं काही हाती लागलं की आपल्याकडे ते ‘दुर्मिळ पेंटिंग’ म्हणून बेधडक पुढे ढकललं जातं. पण हे पेंटिंग नव्हे. रंग छपाईनंतर हाताने भरत. मूळ चित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यातली रेघ, आणि ती खोदली आम्लाने.

मे 1791 मध्ये श्रीरंगपट्टणाजवळ टिपूविरुद्धची अरिकेरेची लढाई जिंकूनही कॉर्नवॉलिसला उपासमारीपायी माघार घ्यावी लागली. वेढ्याच्या मोठ्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या. त्यानंतर लगेचच इंग्रजांच्या बाजूने लढणारे मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन रसद घेऊन येऊन मिळाले! ही बातमी जहाजाने लंडनला पोचायला कित्येक महिने गेले, पण पोचल्यावर चित्र झटपट विकायला हवं. तांबं हत्याराने कोरत बसणं फार वेळखाऊ. शिळाछापाचा शोध तर अजून लागायचा होता.

म्हणून पत्र्यावर मेण, राळ आणि डांबरासारख्या पदार्थाचा पातळ लेप देत. तो मेणबत्तीच्या धुराने काळा करत, म्हणजे सुईने ओरखडा काढला की खालचं तांबं लखकन दिसे. लेप मऊ, त्यामुळे हात मोकळा फिरे. मग पत्रा सौम्य नायट्रिक आम्लात. आम्ल मेणाला काही करत नाही, उघड्या तांब्याला मात्र खातं. तांब्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून द्रावणात उतरतो, द्रावण निळं होतं. तीन अणूंमागे आम्लाचे आठ रेणू लागतात. त्यातल्या दोनच रेणूंचा, इलेक्ट्रॉन घेऊन, नायट्रिक ऑक्साइड वायू होतो. बाकी सहांचे नायट्रेट तांब्याच्या आयनांसोबत राहतात.

खरी गंमत त्या वायूच्या बुडबुड्यांत आहे. बुडबुडा रेघेत अडकला की त्याच्याखाली आम्ल पोचत नाही आणि रेघ तुटक येते. म्हणून कारागीर पिसाने बुडबुडे सतत झाडत राही. चर जितकी खोल, तितकी शाई जास्त, तितकी रेघ काळी. आधी थोडा वेळ खाऊ द्यायचं, पत्रा काढून धुवायचा, नाजूक रेघांवर वॉर्निश लावून त्या बंद करायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात. चेहऱ्यावरची पुसट सुरकुती आणि कोटाची ठसठशीत कड यांच्यातला फरक म्हणजे आम्लातला वेळ! मात्र आम्ल खाली जातं तसं बाजूलाही जातं, म्हणून रेघ रुंदावते. आज फेरिक क्लोराइडने सर्किट बोर्ड बनवणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

छापताना चित्र उलटं होतं. अधिकाऱ्याची तलवार डाव्या कमरेला, म्हणजे पत्र्यावर ती आरशातल्यासारखी उलट बाजूला काढायची. अक्षरंही उलटी. गिलरे तरुणपणी अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे शिकला होता, ते शिक्षण इथे उपयोगी पडलं.

‘अस्सल जॉर्जियन’, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं, म्हणून कुणी चित्र विकायला आणलं, तर आधी भिंग घ्या. शाई अगदी किंचित उठलेली असते, आणि कड कापलेली नसेल तर कागदावर पत्र्याचा दबलेला चौकोनही दिसतो. त्याऐवजी चार रंगांचे बारीक ठिपके दिसले, तर ती अलीकडची छपाई.