कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ आणि एका दराची पार्श्वभूमी

कुष्ठरोगाचे निर्मूलन डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर साध्य झाल्याचे जाहीर झाले, तरीही शोध अभियान आले की आशा कार्यकर्त्या अंगावरचे न खाजणारे, बधिर चट्टे तपासत आजही घरोघर फिरतात. हा विरोधाभास जंतूपेक्षा मोजमापाने अधिक निर्माण केला आहे. सार्वजनिक आरोग्यात ज्याला प्रणालीविचार म्हणतात, म्हणजे रुग्ण, उपचार, कर्मचारी, नोंदवही आणि उद्दिष्ट यांचा एकमेकांवर होणारा परिणाम एकत्र पाहणे, त्याची गरज कोठे पडते हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९५५ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याची सारी भिस्त डॅप्सोन या एकाच औषधावर होती. गोळ्या वर्षानुवर्षे, अनेकदा जन्मभर घ्याव्या लागत आणि पुढे जंतू औषधाला दाद देईनासे झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत, आली. ती आधी मिळालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९८३ मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले. त्या सुमारास देशात दर दहा हजार लोकांमागे सुमारे ५७ रुग्ण होते.

खरा गुंता १९९१ मध्ये सुरू झाला. ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ कुष्ठरोग २००० पर्यंत दूर करण्याचा ठराव तेव्हा जागतिक पातळीवर झाला आणि त्याची कसोटी ठरली ती दहा हजारांमागे एकाहून कमी नोंदीत रुग्ण ही. जंतू जगातून कायमचा नाहीसा होणे आणि रुग्णांचे प्रमाण ठरावीक पातळीखाली येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘निर्मूलन’ हाच शब्द रूढ झाला. भर म्हणजे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात पहिल्या अर्थाचा शब्द होता आणि उद्दिष्ट मात्र दुसऱ्या अर्थाचे होते. गावातल्या माणसाने ‘निर्मूलन झाले’ याचा अर्थ रोग संपला असा घेतला, यात त्याची काही चूक नव्हती.

शब्दापेक्षाही दराची निवड अधिक वादग्रस्त ठरली. नोंदवहीतील रुग्णसंख्या हौदातल्या पाण्यासारखी असते: नवे रुग्ण ही येणारी धार, उपचार पूर्ण करून नाव कमी होणे ही जाणारी. एखाद्या तालुक्यात दरवर्षी १०० नवे रुग्ण सापडत असतील आणि उपचार २४ महिन्यांचा असेल, तर नोंदवहीत साधारण २०० नावे राहतात. उपचार १२ महिन्यांवर आणला की १०० आणि सहा महिन्यांवर आणला की ५०. संसर्ग तसूभरही कमी न होता दर उतरतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सांसर्गिक रुग्णांचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला, तेव्हा नेमके हेच घडले. त्या बदलामागे वैद्यकीय आधार होता आणि रुग्णांची त्यातून मोठी सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यामुळे घटलेला आकडा रोगावरचा विजय म्हणून मांडला गेला, ते पटण्यासारखे नाही.

मुदत २००५ पर्यंत वाढवल्यावर दर दहा हजारांमागे ०.९५ नोंदवला गेला. याच काळात कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होत गेली. वेगळ्या दवाखान्याबरोबर येणारा कलंक टाळायचा तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळणे योग्यच होते. पण विलीनीकरणाबरोबर घरोघरचे नियमित सर्वेक्षणही थांबले आणि रुग्णाने स्वतःहून यावे, अशी अपेक्षा उरली. या रोगात जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीसही वर्षे जातात, आणि चट्टा दुखत नसल्याने माणूस येत नाही. शोध कमी झाला की रुग्ण कमी सापडतात, रुग्ण कमी सापडले की दर कमी दिसतो आणि दर कमी दिसला की शोधाची गरज नाही असे ठरते; हे चक्र स्वतःलाच बळ देत राहिले.

त्याचा माग दुसऱ्या एका आकड्यात सापडतो. निदानाच्या वेळीच हातापायांत वा डोळ्यांत दृश्य विकृती आलेल्या नव्या रुग्णांचे प्रमाण २००५ च्या सुमारास दोन टक्क्यांहून कमी होते, ते २०१४-१५ मध्ये साडेचार टक्क्यांपलीकडे गेले. विकृती एका दिवसात येत नाही, म्हणजे हे लोक उशिरा सापडत होते. २०१६ मध्ये निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोध सुरू झाला आणि २०१६-१७ मध्ये देशातील नव्या रुग्णांची नोंद १ लाख ३५ हजारांवर गेली. ही वाढ म्हणजे रोगाची उसळी, असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. प्रत्यक्षात तो बराचसा आधीच्या वर्षांचा साचलेला अनुशेष होता.

२०२१ नंतरच्या जागतिक धोरणात रोख नोंदवहीतील दरावरून संसर्गाची साखळी तुटण्यावर गेला आहे, आणि पंधरा वर्षांखालील मुलांत सलग पाच वर्षे एकही स्थानिक नवा रुग्ण न आढळणे ही आता त्यासाठीची एक प्रमुख कसोटी आहे. भारताने संसर्ग थांबवण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे. मराठी परिपत्रकांत या नव्या उद्दिष्टासाठीही शब्द ‘निर्मूलन’ हाच आहे.