देणे आणि कृतज्ञता: अचानक पैसा आल्यावर कोणाचे काय लागते

गोव्यात अचानक पैसा येण्याच्या वाटा बहुतेकांना ठाऊक आहेत. लॉटरी लागणे ही त्यांतली सर्वांत विरळा. त्याहून अधिक वेळा घडते ते असे की वडिलोपार्जित भाटाला (माडांच्या बागायतीला) किंवा वर्षानुवर्षे पडीक राहिलेल्या डोंगरावरच्या तुकड्याला गिऱ्हाईक मिळते, रस्त्यासाठी वा विमानतळासाठी संपादित झालेल्या जमिनीची वाढीव भरपाई हाती पडते, अथवा भावंडांमध्ये रखडलेला वाटणीचा दावा निकाली निघून हिस्सा मोकळा होतो. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, आणि त्या काळात पेडणे तालुक्यातल्या अनेक घरांमध्ये जमिनीच्या पैशाबरोबर एक जुना प्रश्नही आला. वाईट दिवसांत ज्यांनी हात दिला, त्यांना या पैशातले काही आपण लागतो का?

या प्रश्नाचे उत्तर देताना माणसे अडखळतात, कारण देणे आणि कृतज्ञता या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत मिसळलेल्या असतात. दोन्हींच्या मुळाशी दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले काहीतरी असते आणि दोन्हींचे ओझे मनाला सारखेच जाणवते. परंतु देण्याला रक्कम असते, ते कोणाचे आहे हे नेमके सांगता येते आणि फेडले की ते संपते. कृतज्ञतेला रक्कम नसते, आणि ती एका दिवशी चुकती करून मोकळे होता येत नाही. माझे मत असे आहे की अचानक आलेल्या पैशाने नवे देणे निर्माण होत नाही. जे देणे आदल्या दिवशीही होते, ते न फेडण्याची सबब तेवढी नाहीशी होते. कृतज्ञतेच्या बाबतीत पैसा जे बदलतो ते वेगळे आहे, आणि ते समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागेल.

डिचोली तालुक्यातला एखादा ट्रकमालक डोळ्यांसमोर आणावा. 2012 साली गोव्यातले खाणकाम थांबले आणि खनिजाची वाहतूक करणारे ट्रक दारात उभे राहिले. पुढे काम पुन्हा सुरू झाले, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चपासून ते परत बंद पडले. या काळात बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. अशा घराला कोणी कोणी सावरले असेल? गावातल्या पसरकाराने, म्हणजे किराणा दुकानदाराने, तांदूळ, तेल, साखर वहीत मांडून दिली असेल. मेहुण्याने एका हप्त्यापुरते पैसे कागदाशिवाय दिले असतील. बायको बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखल असताना शेजारच्या काकींनी मुलांना आपल्या घरी ठेवून घेतले असेल आणि शाळेतही पाठवले असेल. आता या माणसाची जमीन मोठ्या किमतीला विकली गेली, तर या तिघांचे काय?

पसरकाराचे जे आहे ते देणे आहे, आणि जमीन विकली नसती तरी ते देणेच राहिले असते. माल देताना तो हसून “मागीर दी” म्हणाला असेल, त्याने नंतर कधी तगादाही लावला नसेल, तरी नंतर दे असे सांगण्यात द्यायचे आहे हे आलेच. काकींना त्याच दिवसांत कोणी पैशाचे विचारले असते, तर त्यांनी “नाका रे” म्हणून हात झटकला असता. दोघांचा स्वर सारखाच मायेचा असतो आणि म्हणूनच पुढे दोन्ही आठवणी एकाच रंगाच्या होऊन बसतात. मदत झाली त्या वेळी मदत करणाऱ्याच्या मनात परतफेड धरलेली होती की नव्हती, आणि ते घेणाऱ्याला कळलेले होते की नाही, याकडे पाहिले म्हणजे दोन्ही वेगळ्या होतात. मेहुण्याच्या पैशांचा निर्णय कठीण आहे, कारण नात्यात हे स्पष्ट बोललेच जात नाही. तिथे माझा कल नेहमी ते देणे आहे असे धरून परत करण्याकडे राहील. त्याला नको असतील तर तो नको म्हणेल, पण नको म्हणण्याचा तो मान त्याचा आहे, आपण तो त्याच्या वतीने गृहीत धरू नये.

कायदाही रेषा जवळजवळ इथेच ओढतो. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 70 नुसार कोणी दुसऱ्यासाठी काही काम कायदेशीरपणे केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे. जे फुकट करण्याच्या हेतूनेच केले, त्याला हे कलम लागू होत नाही. त्याच कायद्याच्या कलम 25 मध्ये एक अपवाद आहे, जो आनंदाच्या भरात बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. एरवी मोबदल्याशिवाय दिलेले वचन करार ठरत नाही. पण ज्याने आपल्यासाठी आपण होऊन आधीच काही केले आहे, त्याला त्याबद्दल अमुक देईन असे वचन दिले, तर ते बंधनकारक ठरू शकते. कायद्यातले उदाहरण सापडलेल्या पैशाच्या पिशवीचे आहे: पिशवी परत करणाऱ्याला मालकाने पन्नास रुपये कबूल केले की तो करार झाला. म्हणजे काकींना “तुम्हाला दोन लाख देणार” असे चारचौघांत सांगितले, तर त्या क्षणापर्यंत जी कृतज्ञता होती तिचे आपण स्वतःच्या तोंडाने देणे केले. गोव्यातला माणूस देवाच्या बाबतीत हे उत्तम जाणतो. बोडगेश्वराला किंवा लईराईला बोललेला नवस फेडायचा राहिला तर त्याला झोप लागत नाही. माणसाला दिलेल्या शब्दाचीही तेवढीच धास्ती असायला हवी.

दुसरीकडे, कायदा जिथे थांबतो तिथे देणे संपतेच असे नाही. मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. 2013 मधली उधारी आज कोर्टात टिकणार नाही. पण मुदत संपल्याने दावा करण्याची वाट बंद होते, कर्ज पुसले जात नाही. हातात पैसा असताना मुदतीचा आधार घेऊन वही विसरणाऱ्या माणसाविषयी गाव जे बोलते, ते मला योग्यच वाटते. शिवाय उधारी समजा अठरा हजारांची असेल, तर आज अठरा हजारच परत करणे हेही पुरे नाही. भाव वाढले, पसरकाराचे पैसे इतकी वर्षे आपल्याकडे अडकून राहिले, म्हणून त्यात जी भर घालावी लागेल ती देण्याचाच भाग आहे. तिला बक्षीस म्हणू नये.

या गोंधळाची दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते. कृतज्ञतेला देणे समजणारा माणूस फार तर जास्त खर्च करतो, पण देण्याला कृपा समजणारा माणूस दुसऱ्याचा हक्क बुडवतो. गोव्यात याचे सर्वांत जुने रूप भाटकार (भाटाचा मालक) आणि मुंडकार (त्याच्या भाटात घर करून राहणारा) यांच्या नात्यात आहे. मुंडकाराच्या दोन-तीन पिढ्या भाटात राहिल्या, त्यांनी माडांची राखण केली, भाटकाराच्या घरच्या लग्नकार्यात राबल्या. भाट विकून मोठी रक्कम आली की भाटकाराचे वारस कधी कधी त्या कुटुंबाला थोडे पैसे देतात, आणि आम्ही त्यांचे किती केले असे सांगतात. परंतु मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 सालचा आहे, आणि त्याच कायद्याने त्याला राहते घर व त्याखालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे. त्या हक्काच्या बदल्यात दिलेले पैसे हे औदार्य होऊ शकत नाहीत. ते देणे आहे, आणि मुंडकाराने त्यासाठी हात जोडण्याची अपेक्षा करणे अन्याय आहे. हक्काचे ते सगळे चुकते केल्यानंतर, त्याच्या आजीने आपल्या वडिलांना अंगाखांद्यावर खेळवले याची आठवण ठेवून वारसांनी आणखी काही केले, तर ती कृतज्ञता म्हणावी.

आता काकींकडे वळू. त्यांचे देणे काहीच लागत नाही हे मान्य केल्यावर पुष्कळांना हायसे वाटते, आणि इथेच मला सावध व्हावेसे वाटते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, परतफेड न करू शकणाऱ्याला केवळ द्यायचे म्हणून दिलेले दान सात्त्विक आणि परतफेडीच्या आशेने दिलेले दान राजस म्हटले आहे. या वचनाचा उपयोग घेणारी माणसे स्वतःसाठी करतात: काकींनी आशेने केले नव्हते, मग आम्ही दिले तर त्यांच्या चांगुलपणाची किंमत केल्यासारखे होईल. परंतु आशा न धरण्याचा नियम देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने विसरू नये हा नियम वेगळा आहे आणि तो दुसऱ्या माणसाला बांधतो. काकींनी आपला नियम पाळला म्हणून आपण आपल्या नियमातून सुटत नाही.

मग पैशाने कृतज्ञतेत काय बदलते? तिचे प्रमाण बदलत नाही. जमीन एका कोटीला गेली काय किंवा दहा कोटींना गेली काय, काकींनी मुलांना जेवू घातले ते तेवढेच होते. आलेल्या रकमेची टक्केवारी काढून ती मदत करणाऱ्यांत वाटणे मला म्हणूनच पटत नाही, कारण त्यात त्यांच्या मदतीचा आपल्या नशिबाशी नसलेला संबंध जोडला जातो. बदलते ते हे की काकींच्या गरजेच्या वेळी आपल्याला काही करता येत नाही, असे आता म्हणता येत नाही. पूर्वी त्यांच्या घराचे छप्पर गळत असताना आपण गप्प राहिलो, तर ते परिस्थितीमुळे होते. आज गप्प राहिलो तर तो आपला निर्णय ठरतो. कृतज्ञता मोजायची असेल तर त्यांनी त्या वेळी स्वतःच्या तोकड्या कमाईतून काय सोडले आणि आज त्यांना कशाची गरज आहे, या दोन गोष्टींनी मोजावी. त्या सुखवस्तू असतील, तर मोठ्या रकमेचे पाकीट त्यांना हिशेब मिटवल्यासारखे वाटेल आणि त्या दुखावतील. त्यांच्याकडे नेहमीसारखे जाणे-येणे ठेवणे, मुलांना त्यांचे ऋण माहीत असणे, चतुर्थीला त्यांच्या घरी पहिली भेट नेणे, यालाच तिथे अर्थ आहे.

शब्द आणि स्नेह यांची गल्लत झाली की काय होते, हे महाभारतातल्या द्रुपद आणि द्रोण यांच्या गोष्टीइतके स्पष्ट क्वचितच दिसते. गुरुकुलात असताना द्रुपदाने, मी राजा झालो की माझे राज्य तुझ्याही उपभोगाचे, असे मित्राला सांगितले होते. पुढे दरिद्री द्रोण त्याच्याकडे गेला तेव्हा राजा आणि निर्धन यांची मैत्री नसते असे म्हणून त्याने त्याला परत पाठवले. त्याने दिलेला शब्द नाकारला, आणि जोडीला मैत्रीच नाकारली, जे त्याहून वाईट. द्रोणाने मग शिष्यांकरवी त्याला पकडून आणवले आणि अर्धे राज्य घेतले. ज्याची सुरुवात स्नेहात झाली होती ते त्याने कर्जासारखे वसूल केले. त्या वसुलीने मैत्री परत आली नाही, वैर तेवढे पक्के झाले. दारी आलेल्या मित्राला द्रुपदाने मानाने बसवून घेतले असते, तर द्रोणाने राज्याचा विषय काढला असता की नाही, याची मला शंका आहे.

द्यायचे ठरवलेच तर काही व्यवहार्य गोष्टी टाळता येत नाहीत. लॉटरीच्या बक्षिसावर 30 टक्के दराने प्राप्तिकर आणि वर उपकर लागतो, म्हणून जाहीर झालेली रक्कम ही हातातली रक्कम नसते. शेजाऱ्याला वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक भेट दिली, तर ती सारी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते, कारण कायद्याच्या दृष्टीने शेजारी नातेवाईक नाही. गोव्यात आणखी एक मुद्दा आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेत, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची संपत्ती सामाईक असते आणि अर्धी जोडीदाराची असते, शिवाय मुलांना त्यांच्या राखीव हिश्श्यापासून वंचित ठेवता येत नाही. जोडीदाराला न विचारता दाखवलेला दिलदारपणा हा निम्मा दुसऱ्याच्या पैशावरचा असतो. घरात बोलून ठरवलेली लहान रक्कम मला गावात जाहीर केलेल्या मोठ्या रकमेपेक्षा कितीतरी बरी वाटते.

मदत करणारा आता हयात नसेल तर या दोन्हींतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. पसरकार वारला असेल तर वहीतली रक्कम त्याच्या मुलांची आहे. ते ओळखीचे नसले, दुकान केव्हाच बंद झाले असले, त्यांना त्या उधारीची कल्पनाही नसली, तरी त्यांना शोधून ती दिली पाहिजे. काकी वारल्या असतील तर त्यांच्या मुलांचा आपल्यावर कोणताही हक्क नाही, आणि त्यांनी तो सांगितला तर नम्रपणे नाही म्हणता येते. पण त्यांच्यापैकी एखाद्याचे शिक्षण पैशाअभावी अडले आहे असे कानावर आले, तर ते कोणाचे मूल आहे हे आठवून आपण होऊन त्यांच्या दारी जावे, आणि तुमच्या आईने आमच्यासाठी काय केले होते हे त्यांना आधी सांगावे.