मैत्रीला किती तास लागतात?

बोचिया हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला असतो. साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद गुळगुळीत जमीन, एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. आपले चेंडू पांढऱ्याच्या जवळ नेऊन ठेवायचे, जमलं तर समोरच्याचे उडवायचे. गोट्या खेळलेल्या माणसाला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. १९८४पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे किंवा स्नायूंच्या आजारामुळे ज्यांना चेंडू हातात धरून फेकता येत नाही, ते तो उतरत्या रॅम्पवरून सोडतात. कुणी बोटाने ढकलतं, कुणी डोक्याला बांधलेल्या दांडीने. रॅम्प हलवायला शेजारी एक मदतनीस असतो, आणि त्याच्यासाठी नियम कडक आहे: मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून पाहायचं नाही, काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तसा रॅम्प डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा, बस्स.

हा नियम करणाऱ्यांना दिव्यांग माणसाचं रोजचं जगणं नीट ठाऊक असणार. मदत करणारे हात त्याच्या अवतीभोवती पुष्कळ असतात. पण हेच हात बघता बघता डाव आपल्या ताब्यात घेतात. काय खायचं, कुठला शर्ट घालायचा, कुठल्या लग्नाला जायचं आणि तिथून कधी निघायचं, सगळं ठरवून मोकळे होतात. मदतनीस आणि मित्र यांत फरक आहे. हा फरक मोजायचा प्रयत्न संशोधकांनी केला, तेव्हा हाती आलेले आकडे अस्वस्थ करणारे होते.

२००१ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि वेगवेगळ्या निवासी सोयींमध्ये राहणाऱ्या ५०० प्रौढांच्या आयुष्यात माणसं किती आणि कोण, याची त्यात मोजदाद होती. पगारी कर्मचारी वगळले तर मध्यक निघाला दोन. म्हणजे निम्म्या लोकांच्या वर्तुळात जेमतेम दोन माणसं, किंवा तीही नाहीत. ८३ टक्के लोकांच्या वर्तुळात कर्मचारी होता, ७२ टक्क्यांच्या वर्तुळात घरचं कुणीतरी. घरचा नाही, पगारी नाही आणि स्वतः बौद्धिक अक्षमता असलेलाही नाही, असा एखादा तरी माणूस होता फक्त ३० टक्क्यांकडे. आपल्याकडे बहुतेक दिव्यांग प्रौढ घरीच राहतात, त्यामुळे कर्मचाऱ्याच्या जागी आई असते. पण तिशीतल्या मुलाचं सगळं जग म्हणजे साठीतली आई, हे चित्र ओळखीचं नाही असं कोण म्हणेल?

यावर कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न उभे असताना मैत्रीचं काय घेऊन बसलात? तर मैत्री ही चैन नाही, याचे पुरावे आता भक्कम आहेत. २०१० साली अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांमधल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांची सामाजिक नाती घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लागतो. हे आकडे सगळ्यांचे मिळून आहेत, दिव्यांगांचे वेगळे नाहीत. पण एक गोष्ट दिव्यांगांच्या बाबतीत जास्तच खरी आहे. नीट बोलता न येणारा माणूस चिडचिड करू लागला, जेवेनासा झाला, तर ‘त्याचं ते तसंच आहे’ म्हणून पुष्कळदा सोडून दिलं जातं, अगदी दवाखान्यातसुद्धा. गेल्या आठवड्यात हा असा नव्हता, दाढ दुखत असेल, हे ओळखायला त्याला गेल्या आठवड्यात पाहिलेला माणूस लागतो. घरच्यांखेरीज असा कुणी असला तर बरंच.

मग मैत्री होते कशी? इथे तासांचा हिशेब कामाला येतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली तो मांडला. नव्या गावी राहायला आलेल्या प्रौढांना आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारलं. ओळखीचा माणूस वरवरचा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणण्याजोगा व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक. हे आकडे अमेरिकी आहेत, आपल्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: नुसतं एका ठिकाणी काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, टिवल्याबावल्या यांतले तास मोजले जातात. संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांसाठीच चालवलेल्या कामाच्या जागी, शेजारी शेजारी बसून पाकिटं चिकटवणाऱ्या दोघांची वर्षानुवर्षं मैत्री होत नसेल, तर दोष त्यांच्या स्वभावात शोधायची गरज नाही. मधल्या सुट्टीत बोलायला किती वेळ मिळतो, ते बघावं.

आता हाच हिशेब आपल्या दिव्यांग मेळाव्यांना लावू. ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. मांडव, बॅनर, पाहुण्यांची भाषणं, शाल-श्रीफळ, वाटप, अल्पोपाहार. चार तास धरू. वर्षातून चार तास भेटणाऱ्या दोघांना ५० तास गाठायला साडेबारा वर्षं लागतील, आणि दर वेळच्या चारांतले तीन तास तर भाषणं ऐकण्यातच जायचे.

तास नसतात, कारण दिव्यांग माणसाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं. इंग्लंडमध्ये ससेक्सकडे हेवी लोड नावाचा पंक बँड होता. त्यातल्या काही कलाकारांना बौद्धिक अक्षमता होती आणि ऐकायला येणाऱ्यांतही तशी माणसं खूप. बँडच्या लक्षात आलं की रात्रीचे नऊ वाजले की कार्यक्रम ऐन रंगात असतानाच श्रोते उठून निघतात. कंटाळा आला म्हणून नव्हे. सोबत आलेल्या मदतनिसांची पाळी दहाला संपायची. यातून ‘स्टे अप लेट’ ही मोहीम उभी राहिली, आणि पुढे ‘गिग बडीज’ हा उपक्रम: ज्याला जे संगीत आवडतं त्याच आवडीचा स्वयंसेवक गाठून द्यायचा, आणि दोघांनी मिळून कार्यक्रमाला जायचं. पाळी नाही, त्यामुळे ती संपण्याचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे पाळी आईची असते, शेवटच्या बसची असते, आणि पुष्कळदा स्वच्छतागृहाची. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह जवळपास नसेल, तर माणूस पाणी पिणं टाळतो आणि तीन तासांत घरी परततो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. बारा-तेरा वर्षं रोज भेटणारी मुलं त्या दिवसापासून एकमेकांना दिसेनाशी होतात. फोन लावता येत नाही, एकट्याने रिक्षा करता येत नाही, आणि दोन्ही घरच्या पालकांना आठवड्याच्या मध्यात वेळ काढणं जमत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांगांची नोंद झाली. त्यांत सगळ्या वयांचे आणि सगळ्या प्रकारच्या अक्षमता असलेले लोक आहेत. पण अठरानंतर ‘आता दिवसभर काय?’ हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे, त्यांना तो आकडा सांगावा लागत नाही.

नुसते तास पुरतात का? तर नाही. १९५४ साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं होतं की दोन गटांतली माणसं एकत्र आली म्हणून आपोआप जवळ येत नाहीत. दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरून पाठिंबा हवा. २००६ साली थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर अधिक कमी होतो, असं त्यांना दिसलं. याचा एक सुंदर भारतीय पुरावा उत्तर प्रदेशातला आहे. मॅथ्यू लो या अर्थशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. कोण कुणाच्या संघात आणि कोण कुणाविरुद्ध, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एका संघात खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या, समोरासमोर खेळलेल्यांमध्ये मात्र संपर्क उलट कमी झाला. अभ्यास जातीचा होता, दिव्यांगत्वाचा नाही. तरी ‘सर्वसाधारण संघ विरुद्ध दिव्यांग संघ’ असे मैत्रीपूर्ण सामने भरवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

समान दर्जा नुसत्या सद्भावनेने येत नाही, तो नियमांत लिहावा लागतो. अंधांचं क्रिकेट याचा नमुना आहे. १९२२ साली मेलबर्नमध्ये दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून ते सुरू केलं. आता प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे असतात. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ म्हणत चेंडू खालून, जमिनीलगत सोडला जातो. तो खडखडत येतो आणि फलंदाज बहुधा गुडघा टेकून स्वीप मारतो. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात, बाकीचे अंशतः दिसणारे. आणि खरी गंमत इथे आहे: पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरतात, आणि पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने एका टप्प्यानंतर पकडलेला चेंडूही झेल ठरतो. त्यामुळे कर्णधार त्याला ‘घेऊया बिचाऱ्याला’ म्हणून घेत नाही. गडी जिंकून देणारा आहे, म्हणून त्याला जपतो.

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या ‘युनिफाइड’ खेळांतही अशीच योजना आहे. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले, साधारण एका वयाचे आणि एका ताकदीचे लोक एकाच संघात. बास्केटबॉलमध्ये मैदानावरच्या पाचांपैकी तिघे अक्षमता असलेले, दोघे नसलेले. या दोघांनी सगळा खेळ आपल्याच हातात ठेवला तर तो नियमभंग.

सगळ्यांना मैदान आवडतंच असं नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांची तुलना केली: काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. पहिल्या महिन्यात गाणाऱ्यांची आपसांतली जवळीक भराभर वाढली, बाकीचे मागे पडले. सात महिन्यांनी मात्र सगळे सारखेच. एकत्र गाण्याने सुरुवातीचा अवघडलेपणा लवकर जातो. पुढचं काम कुठलाही वर्ग करतो, फक्त तो दर आठवड्याला भरला पाहिजे. भजनी मंडळात टाळ धरून बसलेल्याला कुणी बुद्ध्यंक विचारत नाही. ठेका एकदोनदा चुकला तरी अभंग पुढे जातो.

मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. संरक्षित कार्यशाळांमधून निवृत्तीकडे झुकलेल्या, अक्षमता असलेल्या २९ ज्येष्ठांना आठवड्यातला एक दिवस काम सोडून गावातल्या चारचौघांच्या गटात जायला मदत केली गेली. त्यांच्यासाठी वेगळा गट काढला नाही. सोबत द्यायला बाहेरून कर्मचारीही आणला नाही. त्या गटाच्या जुन्या सदस्यांपैकीच काहींना थोडं प्रशिक्षण दिलं. २९पैकी २५ जण सरासरी २७ आठवडे जात राहिले आणि प्रत्येकाला सरासरी चार नव्या ओळखी मिळाल्या. बैठक दोन तासांची धरली तर २७ आठवड्यांचे होतात ५४ तास. हॉल यांचा पहिला टप्पा नेमका तिथेच येतो. जिवलग मित्र सहा महिन्यांत मिळत नाही, पण ‘काल का आला नाहीस?’ असं विचारणारं माणूस मिळतं.

याचा अर्थ दिव्यांग नसलेला मित्र वरच्या दर्जाचा, असा कुणी काढू नये. पालकांच्या बोलण्यात तो सूर कधी कधी असतो. दोन कर्णबधिर माणसं खाणाखुणांच्या भाषेत तासभर ज्या वेगाने एकमेकांची टर उडवतात, तो वेग ऐकू येणाऱ्यांच्या घोळक्यात त्यांना मिळत नाही. शाळेतल्या जुन्या मित्राला महिन्यातून दोनदा भेटवणं हेही त्यासाठीच तितकंच मोलाचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या २९व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन, तर ३०व्या कलमात क्रीडा यांची तरतूद आहे. पण कलम वाचून कुणी कॅरम खेळायला येत नाही. आपल्याकडे शहरोशहरी विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेली. कॅरम आणि वर्तमानपत्रं तिथे असतात, आणि रोज ठरल्या वेळी येणारी माणसंही असतात. तिथल्या समितीला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत: दाराशी पायऱ्या किती, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद, आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच ते सात या वेळात नेहमी हजर असणारे दोन सदस्य कोण. गट जमला नाही तर दुसरा शोधायचा. ऑस्ट्रेलियातल्या २९पैकी चौघांचं जमलं नव्हतंच. हास्यक्लबात नाव घातलेल्या आपल्यातल्या कितीजणांचं जमतं?