कापसाच्या ढिगावरची उडी

दिवाळीनंतर चोपड्याजवळच्या आमच्या घरी पुढच्या खोलीत वेचलेला कापूस छातीइतका साठायचा. आम्ही पोरं माळ्यावर चढून आठ फुटांवरून त्यात उड्या घ्यायचो. आजी ओसरीवरून ओरडायची, "पडशी रे!" नाकातोंडात तंतू जायचे, बाकी अंगावर ओरखडाही नाही. त्याच माळ्यावरून एकदा चुलतभाऊ फरशीवर पडला आणि टाच मोडून बसला. उंची तीच, वेगही तोच, ताशी 25 किलोमीटरच्या आसपास.

फरक पडला तो थांबताना. जितक्या उंचीवरून पडलो तिला थांबायला मिळालेल्या अंतराने भागलं, की आपल्या वजनाच्या किती पट झटका बसला ते साधारण कळतं. कापसात दोन फूट रुतलो तर चौपट. फरशीवर टाचेला इंचभरच वाव मिळतो, तिथे जवळपास शंभरपट.

मग विमानातून पडलेल्या माणसाचं काय? तिथे हवा मदतीला येते. साडेचारशे-पाचशे मीटर पडेपर्यंत, म्हणजे बारा-एक सेकंदांत, हवेचा विरोध वजनाच्या बरोबरीला येतो आणि वेग वाढायचा थांबतो. हातपाय पसरलेले असतील तर हा वेग ताशी सुमारे 200 किलोमीटर. हवा नसती तर तेवढा वेग 160 मीटर पडण्यातच आला असता. म्हणजे 500 मीटरवरून पडलं काय नि 5,000 मीटरवरून पडलं काय, जमिनीशी गाठ पडते ती 160 मीटरवरून पडल्यासारखीच. या सगळ्या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

24 मार्च 1944 ची रात्र. बर्लिनवरून परतणाऱ्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरला आग लागली. शेपटीकडचा तोफची निकोलस अल्केमेड 21 वर्षांचा होता आणि त्याचं पॅराशूट जळत होतं. जळून मरण्यापेक्षा पडून मेलेलं बरं, म्हणून त्याने सुमारे साडेपाच हजार मीटरवरून तशीच उडी टाकली. शुद्धीवर आला तेव्हा वर पाइनच्या फांद्या होत्या, खाली बर्फ आणि पाय मुरगळलेला. फांद्या एकेक करून वाकल्या, मोडल्या, आणि उरलेला वेग बर्फाने गिळला. असं मिळून तीन-चार मीटर अंतर मिळालं असेल असं धरलं, तर झटका 40-50 पट येतो. 1954 मध्ये अमेरिकेचे डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून घेऊन 46 पटींचा झटका सोसून जिवंत राहिले होते.

पेरूच्या जंगलात 24 डिसेंबर 1971 ला 17 वर्षांची युलियाना कोपके विमानातल्या खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत सुमारे 3,000 मीटरवरून पडली. दाट झाडीने तिचाही वेग मोडला असावा. नंतर ती एकटी अकरा दिवस जंगलात तगली. अर्थात असे वाचणारे फार थोडे, आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा.

पाणी मात्र फसवं. आपल्याकडे उन्हाळ्यात पोरं विहिरीत सूर मारतात, म्हणून पाणी मऊच वाटतं. पण ताशी 200 च्या वेगाला पाण्याला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ते दगडासारखं लागतं.

ह्यू डी हेवन हा वैमानिक पहिल्या महायुद्धात सराव करताना विमानाच्या अपघातातून वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने सोडला नाही. 50 ते 150 फुटांवरून पडून वाचलेल्यांचा अभ्यास त्याने 1942 मध्ये मांडला, आणि गाड्यांच्या सुरक्षेचं शास्त्र त्यातून पुढे गेलं. आज कारचा पुढचा भाग धडकेत चुरगळेल असाच बनवतात. आत पट्टा लावून बसलेल्याला दोन फूट कापूस मिळावा, म्हणून.