सुपरहिरो ग्राफिक नॉव्हेलचे चित्रपट रूपांतर

सुपरहिरोंच्या एखाद्या ठरावीक, स्वतःचा आरंभ आणि शेवट असलेल्या ग्राफिक नॉव्हेलवरून (चित्रकथेच्या रूपातील कादंबरीवरून) पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याची प्रथा. सुपरमॅन, बॅटमन यांसारखी पात्रे घेऊन त्यांच्याभोवती नवी कथा रचणे हा जुना आणि निराळा प्रकार असून या नोंदीत तो प्रसंगोपात्तच येतो. पात्रावरच्या चित्रपटात नायकाचा पोशाख, शक्ती आणि शत्रू ओळखीचे असले की भागते. पुस्तकावरच्या चित्रपटाला येणाऱ्या प्रेक्षकांपैकी काहींना मात्र पुढची चौकट (पानावरचे एकेक चित्र) कोणती, हे पाठ असते. अ‍ॅलन मूर (लेखन), डेव्ह गिबन्स (चित्रे) व जॉन हिगिन्स (रंग) यांचे वॉचमेन आणि त्यावरचा झॅक स्नायडर दिग्दर्शित चित्रपट (२००९) हे या प्रथेचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

आरंभाचा प्रश्न : ही प्रथा नेमकी केव्हा सुरू झाली, याबद्दल एकमत नाही. तिचे मूळ काही जण रिपब्लिक पिक्चर्सच्या कॅप्टन मार्व्हलवरील बारा भागांच्या चित्रपटमालिकेपर्यंत (१९४१) मागे नेतात. कॉमिक्समधला सुपरहिरो हाडामांसाच्या नटाने पडद्यावर उभा केला तो बहुधा याच मालिकेत प्रथम. तथापि तिने पात्र घेतले होते, एखादे ठरावीक छापील कथानक नव्हे. हाच आक्षेप १९७८ च्या सुपरमॅनला आणि १९८९ च्या बॅटमनलाही लागू पडतो. २००५ हे वर्ष धरणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम आहे. त्या वर्षी रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी सिन सिटीच्या छापील चौकटीच स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाचा चित्रमय आराखडा) म्हणून वापरल्या आणि मूळ चित्रकार-लेखक फ्रँक मिलर यांना सहदिग्दर्शकाचे श्रेय देता यावे म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेचा राजीनामा दिला. सिन सिटी ही गुन्हेगारी जगाची कथा. सुपरहिरोंशी तिचा संबंध नाही. तरीही पान जसेच्या तसे पडद्यावर आणता येते, हा विश्वास चित्रपटसृष्टीत तिच्यामुळे बळावला, असे म्हणावे लागते.

प्रदर्शनाऐवजी हक्कखरेदी ही खूण मानली, तर आरंभ बराच अलीकडे न येता १९८६ पर्यंत मागे जातो, आणि प्रस्तुत नोंदीचा कल तिकडे आहे. वॉचमेनच्या पहिल्या अंकावर सप्टेंबर १९८६ ही तारीख आहे, बाराव्या आणि अखेरच्या अंकावर ऑक्टोबर १९८७. (अमेरिकी कॉमिक्सच्या मुखपृष्ठावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या पुढचा असतो, तेव्हा थोडा फरक गृहीत धरावा.) लॉरेन्स गॉर्डन आणि जोएल सिल्व्हर या निर्मात्यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी चित्रपटाचे हक्क मिळवले ते १९८६ मध्येच, म्हणजे कथेचा शेवट वाचकांच्या हाती पडण्यापूर्वी. पुस्तक आधी गाजले आणि मग सिनेमावाले धावले, हा नेहमीचा क्रम इथे जुळत नाही. १९८८ चा विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार किंवा टाइम साप्ताहिकाच्या शंभर कादंबऱ्यांच्या यादीतील समावेश (२००५) हे सगळे नंतरचे.

मूर यांची मूळ योजना डीसी कॉमिक्सने चार्ल्टन या बंद पडत चाललेल्या प्रकाशनाकडून घेतलेली पात्रे वापरण्याची होती. कथेअखेर त्यांतली बरीच पात्रे मरणार किंवा पुन्हा वापरण्याजोगी उरणार नाहीत, हे पाहून संपादक डिक जॉर्डानो यांनी नवी पात्रे घडवण्यास सुचवले. बारा अंकांत पूर्ण होणारी, पुढे चालू न राहणारी कथा हे वॉचमेनचे रूप त्यामुळे पक्के झाले. चित्रपट मालिकांना पोसणारा अखंड कथाप्रवाह त्यात नव्हता.

हक्क आणि रखडपट्टी : मूर-गिबन्स यांच्या करारात एक कलम होते. पुस्तक ठरावीक काळ छपाईबाहेर राहिल्यास त्याचे हक्क दोघांकडे परत जाणार होते. त्या काळच्या कॉमिक्सच्या व्यवहारात हे कलम लेखक-चित्रकारांच्या बाजूचे वाटले असावे. कॉमिक्सचे एकत्रित खंड वर्षानुवर्षे छापत राहण्याची पद्धत तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. वॉचमेनचा एकत्रित खंड १९८७ मध्ये निघाला आणि तो कधी छपाईबाहेर गेलाच नाही. हक्क परत आले नाहीत. मूर आणि डीसी यांचे बिनसण्यामागे हे एक मोठे कारण मानतात.

फॉक्सने पटकथेसाठी मूर यांना विचारले. त्यांनी नकार दिला. मग सॅम हॅम यांनी लिहिलेल्या मसुद्यात शेवट पार बदलला : कथेतला कारस्थानी नायक ओझिमांडियस याचा डाव अतिमानवी शक्ती असलेल्या डॉ. मॅनहॅटनची निर्मितीच भूतकाळात जाऊन रोखण्याचा, आणि अखेरीस पात्रे आपल्या जगात येऊन पडतात, जिथे ती केवळ कॉमिक्समधली आहेत. १९९१ च्या सुमारास फॉक्सने प्रकल्प सोडला आणि तो वॉर्नर ब्रदर्सकडे गेला. दिग्दर्शक टेरी गिलियम यांनी चार्ल्स मॅककाऊन यांच्यासह पटकथा पुन्हा लिहिली, पण पैसा उभा राहिला नाही. अडीच तासांत हे मावणार नाही, पाच तासांची मालिकाच हवी, या निष्कर्षाला ते शेवटी आले. २००१ नंतर डेव्हिड हेटर यांची पटकथा युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट अशी फिरली. डॅरेन अ‍ॅरोनोफ्स्की आणि त्यांच्यामागून पॉल ग्रीनग्रास यांची नावे जोडली गेली व सुटली. २००५ मध्ये पॅरामाउंटनेही हात काढून घेतला आणि प्रकल्प पुन्हा वॉर्नरकडे आला. मिलर यांच्याच ‘३००’ या ग्राफिक नॉव्हेलवर स्नायडर करत असलेल्या चित्रपटाचे काम पाहून वॉर्नरने २००६ मध्ये त्यांना निवडले. पटकथेवर हेटर आणि अ‍ॅलेक्स त्से यांची नावे आहेत. मधल्या मसुद्यांनी काळ वर्तमानात आणला होता; स्नायडर यांनी तो पुन्हा १९८५ वर, रिचर्ड निक्सन अजून अध्यक्ष असलेल्या आणि अणुयुद्धाच्या उंबरठ्यावरच्या अमेरिकेत नेला.

चित्रीकरण व्हँकुव्हर येथे सप्टेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ दरम्यान झाले. ते संपता संपता फॉक्सने वॉर्नरवर दावा ठोकला. हस्तांतराच्या १९९४ च्या करारानुसार गॉर्डन यांनी फॉक्सला पैसे चुकते करून हक्क पूर्णपणे घ्यायला हवे होते, शिवाय दिग्दर्शकासारखा महत्त्वाचा घटक बदलल्यास प्रकल्प आधी फॉक्सपुढे ठेवायला हवा होता, असे फॉक्सचे म्हणणे होते. न्यायाधीश गॅरी फीस यांनी २४ डिसेंबर २००८ रोजी निदान वितरणाच्या हक्कापुरता फॉक्सचा दावा मान्य केला. प्रदर्शन ६ मार्च २००९ ला ठरलेले होते. जानेवारीत तडजोड झाली. फॉक्सला काही रक्कम रोख आणि एकूण उत्पन्नातला वाटा मिळाला. तो वाटा कमाल साडेआठ टक्के असल्याचे तत्कालीन बातम्यांत आले होते. चित्रपट असा का झाला, हे समजून घेताना समीक्षक दिग्दर्शकाच्या शैलीकडे पाहतात. वीस वर्षे पाच-सहा कार्यालयांतून फिरलेल्या या कागदपत्रांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

मूर यांनी आपले नाव चित्रपटावर येऊ दिले नाही आणि आपल्या वाट्याचे पैसे गिबन्स यांना द्यावेत असे कळवले. श्रेयनामावलीत म्हणून फक्त ‘सहकर्ते व चित्रकार डेव्ह गिबन्स’ असा उल्लेख आहे. गिबन्स यांनी चित्रपटाला साथ दिली. एकाच पुस्तकाच्या दोन कर्त्यांपैकी एकाचे नाव गाळले गेल्याची अशी उदाहरणे फार नाहीत.

पान आणि काळ : तांत्रिक प्रश्न मुख्यतः काळाचा आहे. वॉचमेनचे पान प्रायः तीन गुणिले तीन अशा नऊ समान चौकटींत विभागलेले असते. चौकट उभी, पडदा आडवा, हा फरक ढोबळ आहे आणि छायाचित्रणाने तो भरून काढता येतो. खरी अडचण वेगळी. चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले हे वाचक मनाने भरतो, असे कॉमिक्सचे अभ्यासक स्कॉट मॅक्क्लाउड यांचे प्रतिपादन आहे. दुसरे अभ्यासक तिएरी ग्रोन्स्टीन याच्याही पुढे जातात : चौकटीचे नाते फक्त शेजारच्या चौकटीशी नसते, दूरवरच्या पानांतील चौकटींशीही ती विणलेली असते. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. पण रूपांतरापुरते ग्रोन्स्टीन यांचे निरीक्षण अधिक उपयोगी ठरते. पाचव्या अंकाची पाने मध्यभागापासून दोन्ही बाजूंना आरशासारखी जुळतात; पहिले पान शेवटच्या पानाशी, दुसरे उपान्त्य पानाशी. वाचक मागे-पुढे पाने उलटून हे ताडून पाहतो. प्रेक्षकाच्या हातात पान नसते. चित्रपटाने ही सममिती आणण्याचा प्रयत्न केलेला नाही, आणि ते शहाणपणाचेच म्हणावे.

चौथ्या अंकात मंगळावर बसलेला डॉ. मॅनहॅटन हातातल्या छायाचित्राकडे पाहतो. बारा सेकंदांनी ते आपल्या हातून वाळूत पडेल, हे तो आधीच सांगतो, कारण भूत, वर्तमान आणि भविष्य त्याला एकदमच दिसतात. छापील पानावर तिन्ही काळ खरोखरच एका नजरेत मावतात. चित्रपटात हा भाग मॅनहॅटनची भूमिका करणाऱ्या बिली क्रुडप यांच्या निवेदनावर आणि फिलिप ग्लास यांच्या आधीच्या एका संगीतरचनेवर तोललेला आहे. प्रसंग एकामागून एकच येतात. ‘एकदम’ हा भास आवाजाने निर्माण करावा लागतो. हा भाग चित्रपटातला सर्वांत यशस्वी मानणारे बरेच आहेत, आणि त्यांच्याशी मतभेदाचे कारण दिसत नाही.

उलट उदाहरण आरंभीच्या खुनाचे. पुस्तकात पहिल्या पानावर नजर गटाराकडेला पडलेल्या, रक्ताचा डाग असलेल्या हसऱ्या चेहऱ्याच्या बिल्ल्यापासून चौकटीगणिक वर जात उंच इमारतीच्या फुटक्या खिडकीशी पोहोचते. हाणामारी दिसते ती नंतर, दोन पोलिस तपासनीस बोलत असताना मधूनमधून येणाऱ्या मोजक्या लालसर चौकटींत, आणि हल्लेखोर कोण ते कळत नाही. चित्रपट हीच मारामारी आधी, सलग आणि सविस्तर दाखवतो. फुटणारी काच, उडणारा माणूस यांना स्नायडर यांच्या पद्धतीप्रमाणे स्लो मोशन मिळते. चित्रातली मुद्रा डोळ्यांत भरेपर्यंत धरून ठेवणे हा त्यामागचा उघड हेतू. पण चित्रातली आकृती संथ नसते, तिला गतीच नसते. ती किती वेळ पाहायची ते वाचक ठरवतो. परिणामी ज्या हिंसेबद्दल पुस्तक संशय निर्माण करते, ती चित्रपटात देखणी होते. रंगाबाबतही असेच घडले. हिगिन्स यांनी जांभळा, हिरवा, नारिंगी असे दुय्यम रंग योजून रूढ सुपरहिरो कॉमिक्सच्या लाल-निळ्या-पिवळ्याला बगल दिली होती. चित्रपट सरसकट काळपट आहे.

शेवट : पुस्तकात ओझिमांडियस न्यूयॉर्कमध्ये एक राक्षसी, अष्टभुज सागरी जीवासारखा प्राणी प्रकट करतो, लाखो माणसे मरतात आणि परग्रहावरून हल्ला झाल्याच्या समजुतीने महासत्ता एक होतात. चित्रपटात अनेक शहरांवर ऊर्जास्फोट होतात आणि त्यांचा दोष डॉ. मॅनहॅटनवर जातो. बदलाचे समर्थन करणारे म्हणतात, की त्या प्राण्याची पूर्वतयारी पुस्तकात बेपत्ता लेखक-कलावंतांच्या उपकथेतून पसरलेली होती, आणि ती कापल्यावर प्राणी आकाशातून पडल्यासारखा वाटला असता. हे पटण्याजोगे आहे. मात्र बाहेरच्या शत्रूऐवजी अमेरिकेचेच अस्त्र गुन्हेगार ठरल्यावर रशियाने तिच्याशी मैत्री का करावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर चित्रपटात मिळत नाही. स्फोट घडवणाऱ्या यंत्राच्या नावाची आद्याक्षरे जोडली की ‘स्क्विड’ हा शब्द तयार होतो. गाळलेल्या प्राण्याची एवढी खूण तेवढी राहिली.

वगळलेला दुसरा मोठा भाग म्हणजे कथेत एक मुलगा वाचत बसलेले चाच्यांचे कॉमिक. ते अ‍ॅनिमेशनपट म्हणून वेगळे काढण्यात आले. चित्रपटगृहांतील आवृत्ती १६२ मिनिटांची, दिग्दर्शकाची १८६ मिनिटांची आणि चाच्यांची कथा आत गुंफलेली आवृत्ती २१५ मिनिटांची आहे. गिलियम यांचे पाच तास आठवावेत. जगभरचे उत्पन्न सुमारे १८ कोटी ५० लाख डॉलर झाले. खर्च १३ कोटी डॉलरच्या आसपास सांगतात. वितरकांचा आणि चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता हे यश म्हणता येत नाही.

अन्य रीती : वॉचमेननंतर मोठ्या स्टुडिओंनी पानोपान निष्ठेची वाट सहसा धरली नाही. पुस्तकाचे नाव आणि मध्यवर्ती पेच उचलायचा, बाकी आपले रचायचे, ही रीत रूढ झाली. एक्स-मेनच्या १९८१ च्या दोन अंकी कथेत भविष्यातून मागे जाते ती किटी प्राइड. २०१४ च्या चित्रपटात तिच्या जागी वुल्व्हरिन जातो, कारण प्रेक्षक त्याच्यासाठी येतो. मार्व्हलच्या सिव्हिल वॉर या कथेवरच्या चित्रपटाबाबत (२०१६) हेच झाले. अ‍ॅनिमेशनमध्ये निष्ठा अधिक टिकली, पण तिथे उलटी अडचण उद्भवते : द किलिंग जोक (१९८८) हे बॅटमनवरचे पुस्तक इतके आटोपशीर आहे, की २०१६ च्या अ‍ॅनिमेशनपटाला लांबी भरण्यासाठी बॅटगर्लची नवी कथा आधी जोडावी लागली, आणि टीका झाली ती त्याच भागावर.

वॉचमेनवर एचबीओ या अमेरिकी दूरचित्रवाहिनीने २०१९ मध्ये नऊ भागांची मालिका केली. डेमन लिंडेलॉफ यांची ही मालिका रूपांतर नसून पुस्तकाच्या घटना घडून गेल्या आहेत असे मानून पुढे जाणारी कथा आहे. टल्सा येथील १९२१ च्या वांशिक हत्याकांडापासून ती सुरू होते आणि चित्रपटाने गाळलेला तो प्राणी तिच्या जगात न्यूयॉर्कवर पडून गेलेला आहे. तिला ११ एमी पुरस्कार मिळाले. २०२४ मध्ये मूळ पुस्तकावर दोन भागांचा अ‍ॅनिमेशनपटही आला.