नोंदवहीत नसलेला रकाना

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, म्हटलं की आधी केरळ आठवतं. १९९३ मध्ये कोझिकोडला छोटं क्लिनिक सुरू झालं आणि २००८ मध्ये राज्य सरकारने धोरणच जाहीर केलं. सोलापुरातल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन या विषयावर संशोधन करायचं तर मात्र आधी बार्शीकडे बघावं लागतं.

बार्शीची कॅन्सर नोंदणी, म्हणजे त्या भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही, १९८७ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली. तिचं क्षेत्र जिल्ह्याची हद्द मानत नाही: बार्शी सोलापूरची, परंडा आणि भूम धाराशिवचे. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत थांबायचं नाही, हा इथला शिरस्ता. कार्यकर्ते गावात जायचे, चार माणसं जमवून गाठ किंवा रक्तस्राव अंगावर काढू नका म्हणून सांगायचे, संशयित रुग्णाला तपासणीसाठी आणायचे. त्याच जोरावर १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. बार्शी, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था एकत्र. स्त्रिया सुमारे एक लाख ३१ हजार. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या एकाच फेरीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. (तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांची तपासणी केली नाही यावर टीकाही झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही.)

पण आजार कोणता, कधी कळला, माणूस कधी गेला, एवढंच कॅन्सर नोंदणीत येतं. मधल्या दिवसांत दुखणं किती होतं, रात्री झोप लागत होती का, याला रकाना नसतो.

तो भरणं एकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातलं नाही. ऑपरेशन सोलापूरला, शेक (रेडिएशन) बार्शीला किंवा मिरजेला, आणि शेवटचे महिने मंगळवेढ्याजवळच्या गावात घरी; सगळे कागद एकाकडे कधीच नसतात. त्यात पहिल्या भेटीत उत्तरं देणारा पेशंट पुढच्या भेटीला बोलण्याच्या अवस्थेत नसतो, कधी हयातच नसतो. शंभरातले किती उरतील सांगता येत नाही, म्हणून मुळात आकडा मोठा लागतो.

तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिन या औषधाचा तिढा वेगळाच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम देशभर एकसारखे आणि सोपे केले. जिथे औषधच मिळत नाही तिथे संशोधन म्हणजे नुसतं दुखणं मोजत बसणं.

राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आणि कॅन्सर रुग्णालयांचं राष्ट्रीय जाळं, दोन्ही २०१२ च्या आसपासचे. जिल्हा पातळीवरची गरज त्यापेक्षा साधी आहे: सगळीकडे एकच प्रश्नावली, तीही अक्कलकोटकडे कन्नडमध्ये आणि शहराच्या पूर्वभागात तेलुगूतही विचारता येईल अशी. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीपुढे (संशोधनाला परवानगी देणारी समिती) वेगळी फाईल फिरवण्यात वर्ष जाऊ शकतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुकेंद्री, म्हणजे अनेक रुग्णालयांत मिळून चालणाऱ्या, अभ्यासासाठी सामाईक परीक्षणाची सोय आहे, लहान दवाखान्यांना तिचाच आधार.