‘आंग कसकसता’ हे यंत्राला कसं कळणार?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागेतून परतलेला माणूस मोबाइलवर मालवणीत लिहितो : ‘आंग कसकसता, डोक्या दुखता.’ समोर चॅटबॉट आहे, म्हणजे लिहिलेल्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारं यंत्र. आता पुढे काय?

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना, दोघांनीही व्हॉट्सअ‍ॅपवर कोरोनाची माहिती देणारे चॅटबॉट सुरू केले. ते साधे होते. आकडा किंवा अक्षर दाबा, ठरलेलं उत्तर घ्या. त्यांना हसणारे बरेच होते. मला मात्र ती रीत शहाणपणाची वाटते. साथीत हजारो माणसं तेच दहा-बारा प्रश्न विचारतात. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती होते आणि चाकरमान्यांच्या तोंडी दोनच गोष्टी : ई-पास कसा काढायचा, गावात किती दिवस वेगळं राहायचं? अशा प्रश्नांना यंत्र पुरतं, आणि ठरलेलं उत्तर देणारं यंत्र थापा मारत नाही.

पण ‘कसकसता’ला आकडा नाही. इथे भाषा शिकलेलं मॉडेल लागतं. ते वाक्याचे तुकडे करून प्रत्येकाला आकड्यांची एक माळ देतं. अर्थाने जवळचे शब्द त्या आकड्यांतही जवळ येतात. ‘ताप’ आणि ‘ज्वर’ शेजारी बसतात ते असे. कसकस त्या शेजारात येईल का, हे मॉडेलने मालवणी किती वाचलीय यावर ठरतं. छापील मालवणी मुळात थोडी, आणि बरेच जण ती इंग्रजी अक्षरांत लिहितात, ज्याला जसं जमेल तसं.

समजा, कळलं. तरी खरी अडचण पुढेच. माकडताप, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, मलेरिया : पहिल्या दिवशी चौघांचं गाऱ्हाणं जवळपास एकच. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, तो गोचिडीतून येतो. २०१६ मध्ये त्याची साथ दोडामार्गात आली. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून आत शिरतात. शब्दांवरून रोग ओळखायला गेलेलं यंत्र इथे हमखास फसेल, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. कारण पुढचा संभवनीय शब्द जुळवणं हेच त्याचं काम. खरंखोटं तपासणं नव्हे.

म्हणून त्याने निदान करूच नये. विचारावं : जंगलात, काजूत गेला होतात? गोचीड चावलेली दिसली? अनवाणी शेतात उतरलात? एकालाही ‘होय’ आलं की गप्पा थांबवून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव द्यावं. उत्तरं आरोग्य खात्याने तपासलेल्या मजकुरातूनच उचलावीत. त्यात नसेल तर ‘माका म्हायत नाय’ म्हणायची सोय हवी. ही सोय करणंच सगळ्यात अवघड, कारण गप्प बसणं या यंत्रांच्या स्वभावात नाही.

आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे वीज आणि रेंज दोन्ही गेली होती, तेव्हा कुठलाच चॅटबॉट बोलला नसता. तीच तपासलेली उत्तरं कागदावर काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि आशाताईंच्या पिशवीत आधीच ठेवायला खर्च तरी किती?